हात धुऊन येते

नखाच्या कडेचा तो तपकिरी डाग काही जाईना. तर्जनीच्या नखाला लागून, अर्ध्या तांदळाएवढा... आयोडीनचा. ब्रशने घासून झाला, लिंबाची साल चोळून झाली, साबण तर दोनदा लावून झाला आणि तरी हा आपला तिथेच ठाण मांडून. न्हाणीघराच्या खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उजेडात तिने बोट वर धरून पाहिलं आणि मग सवयीने नाकाशी नेलं. साबण. नुसता साबण. मग ठीक आहे, डाग राहिला तरी चालेल, वास राहता कामा नये... आणि हे मनात येऊन गेल्यावर तिला नेहमीसारखंच आठवलं की काय चालेल आणि काय नाही हे ज्याच्यासाठी बघायचं, ते माणूसच आता घरात नाही.

वर्ष होत आलं. तरी पायातल्या चपला दाराशी, पर्स खुंटीला, कशालाही हात न लावता थेट न्हाणीघर — हा क्रम काही सुटला नव्हता. नवरा जातो, सवय जात नाही. सवयीला कुठे कुणी कळवलेलं असतं.

हॉस्पिटलात ती सिस्टर, ड्रेसिंग रूमची. भाजलेले, कापलेले, मशीनमध्ये बोट गेलेले, सगळे आधी तिच्या पुढ्यात यायचे. आयोडीन, स्पिरिट, फिनेल आणि वाफेच्या डब्यातून निर्जंतुक होऊन निघणाऱ्या गॉजचा तो किंचित करपलेला वास, या सगळ्यांचं मिळून जे काही होतं ते केसांत, कपड्यांत, कोपराच्या खळग्यात जाऊन बसायचं. नवा माणूस दारातच नाक धरायचा. तिला स्वतःला काही जाणवत नसे; आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो.

तोही तिथेच भेटला होता. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. स्टोव्ह भडकून उजवा हात भाजला, म्हणून तीन आठवडे रोज ड्रेसिंगला. बाकीची माणसं कण्हत-कुंथत, रेटत आणल्यासारखी येत. हा दहा मिनिटं आधीच दाराशी उभा. हात पूर्ण बरा झाल्यावरही एकदा आला. ती म्हणाली, "आता कशाला आलात?" तर म्हणाला, "सवय लागली." पुढे लग्नच झालं.

आणि लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती ड्यूटीवरून थेट स्वयंपाकघरात शिरली, तो जेवायला बसला होता, ती वाढायला म्हणून त्याच्या खांद्यावरून वाकली आणि तो म्हणाला, "दवाखान्याचा वास येतोय." एवढंच. आतून लगेच सासूबाईंचा आवाज — "मग आधी अंघोळ करून यायला काय होतं?" तो ताटात बघत राहिला. त्याने वर बघितलं असतं तर... पण नाही बघितलं. तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि न्हाणीघरात गेली, ती सव्वीस वर्षं रोज गेली. सासूबाई गेल्या, मुलगी झाली, मोठी होऊन परगावी नोकरीला गेली, घरातला नळ तीनदा बदलला, आणि ती रोज आधी न्हाणीघरात. त्याने पुन्हा कधी वासाचा शब्द काढला नाही. कशाला काढेल? तिने संधीच दिली नाही.

तोंडाने ती त्याला 'अहो' म्हणायची, मनात मात्र 'तो'. मनातल्या त्या 'तो'शी ती पुष्कळ भांडायची. चांगला होता, कुणालाही विचारा. पगार आणून हातात ठेवणारा, आवाज न चढवणारा. पण चांगल्या माणसाचा एक त्रास असतो, त्याला काय आवडत नाही ते कळतच नाही, सगळं तो गोड मानून घेतो. मलाही गोडच मानून घेतलं असेल का? म्हणजे नुसतं चालवून घेतलं असेल का, जसं माणूस गळका नळ चालवून घेतो? हे तिला आयुष्यभर वाटलं असं नाही. संसारात असले प्रश्न विचारायला फुरसत कुणाला. हे वाटायला लागलं ते त्या दिवसापासून.

तो दिवस... शेवटच्या आजारात तो तिच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात होता, ती खाली ड्रेसिंग रूममध्ये. दोन पेशंटच्या मधल्या वेळात ती जिना चढून धावत गेली, तेव्हा तो जागा होता. बोलायची ताकद नव्हती. त्याने तिचं मनगट धरलं आणि हात हळूहळू आपल्या तोंडाकडे ओढायला लागला. ती आत्ताच एक चिघळलेली जखम धुऊन आली होती. हातमोजे काढले होते, पण हात तसेच. ती म्हणाली, "थांबा, हात धुऊन येते." कोपरापर्यंत धुतले, साबणाने, दोनदा, आणि परत आली तर त्याला डोळा लागला होता. पुढे दोन दिवस होता तो. पण त्याने पुन्हा तिच्या हाताला हात लावला नाही. पाणी हवं होतं का, काही सांगायचं होतं... का वास आला आणि तोंड फिरवलं? आजारी असला तरी माणसाला नाक असतंच की.

बाहेर बेल वाजली तशी ती दचकली आणि पदर सारखा करत दाराकडे गेली.

आज शनिवार. त्याचे दोघे मित्र यायचे होते, ती बाटली उघडायला. त्यांतला एक चष्मेवाला; ज्याच्या चष्म्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, शटर अर्धं खाली ओढून, दर शनिवारी संध्याकाळी या तिघांची बैठक बसायची. दुसरा बोटवाला, सगळा जन्म जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलेला, आता निवृत्त, ऐकायला जरा कमी, त्यामुळे बोलायला जास्त. बाटल्या आणायचा तोच; तो समुद्रावर असला की बाकीचे दोघेच बसायचे. ही शेवटची त्याने शेवटच्या फेरीत आणली आणि मित्राला दिली होती, सावकाश उघडू म्हणून. तो गेला, बाटली राहिली. मुलगी फोनवर म्हणाली होती, "आई, देऊन टाक ना त्यांना. तुला तिचं काय करायचंय?" खरंच होतं ते. तिला त्या बाटलीचा रागच होता. दवाखान्याचा वास सोसत नाही म्हणणारा माणूस दर शनिवारी कसली तरी दारू मात्र चवीने पितो! ती कशी लागते, कशी वासाला येते, तिला ठाऊक नव्हतं. तो घरी यायचा तो दुकानाच्या बेसिनपाशी दात घासून, गालात लवंग धरून. लग्नानंतर कधीतरी, तो साधी रम पिऊन आला तेव्हा, तिने एकदाच म्हटलं होतं, "वास येतोय हो." फिट्टंफाट, असं तेव्हा तिला वाटलं होतं; तेव्हापासून ती लवंग.

"वहिनी, ग्लास आम्ही आणलेत," चष्मेवाला बसता बसता म्हणाला आणि त्याने रुमालातून तीन ग्लास काढले, बुटके, पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळते. "हा त्याचा. मागच्या खोलीत फळीवर होता तसाच."

तिने कपाटातून बाटली आणली. बोटवाल्याने ती हातात घेतली, उजेडात धरली आणि त्याचा चेहरा पडला. "वहिनी, ही आडवी ठेवली होती?"

"हो. स्वेटरांच्या खाली. भेटायला माणसं येत होती, दिसायला नको म्हणून. का हो भावजी?"

"वाईनची आडवी ठेवतात. ही उभी ठेवावी लागते. हिच्यात जोर असतो, ती बूच खाते."

त्याने बूच पिरगाळलं तर अर्धंच हातात आलं. उरलेलं अर्धं बाटलीच्या गळ्यात, भुसभुशीत, ओलसर. मग दोघांनी जे काही मांडलं ते बघण्यासारखं होतं. पेनाचं टोक काय, चावी काय, चष्मेवाल्याच्या खिशातला तो स्क्रू फिरवायचा बारका पेचकस काय... प्रत्येक प्रयत्नाला बूच आणखी खाली. "आत ढकलून देऊ या का?" "वेडा आहेस का, सगळी भुसा-भुसा होईल." साठी उलटलेले दोघे जण मान खाली घालून बाटलीत डोकावत होते आणि तिला वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं. "द्या इकडे," ती म्हणाली.

सुईकामाच्या डब्यात तिचा जुना आर्टरी चिमटा होता, शीर दाबून धरायचा, हॉस्पिटलने मोडीत काढलेला. नाडी ओवण्यापासून नळात अडकलेला केस काढण्यापर्यंत घरात सगळ्याला तोच. तिने बाटली खिडकीकडे धरली, चिमट्याची टोकं बुचाच्या कडेने हळूच आत सरकवली, तिथे चाप बसवला आणि किंचित फिरवत, अजिबात घाई न करता, ओढला. खोल गेलेली काच काढायची तसाच. बूच आलं. चुरा राहिला होता, म्हणून पर्समधली गॉजची घडी घेऊन ती काचेच्या भांड्याच्या तोंडावर ताणली, त्यातून सगळं गाळलं आणि शेवटी गॉज बोटांनी पिळलं.

आणि तेव्हा तो वास आला.

तिने आधी काय केलं असेल, तर उजवा हात पदराखाली लपवला. कानशिलं तापली. आता नुकती अंघोळ केली, एवढं घासलं आणि तरी... परक्या माणसांसमोर, बसल्या बैठकीत... आयोडीन, स्पिरिट, करपलेलं गॉज, ओल्या फरशीवरचं फिनेल. खोलीभर. उठून न्हाणीघरात जावं का, काय सांगून जावं, असं मनात चाललेलं असताना बोटवाल्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि तो म्हणाला, "वा. तीच." तिने पदराखालचा हात हळूच बाहेर काढला. वास तिचा नव्हता. बाटलीतून येत होता.

"हे... हे असंच असतं?"

"सगळ्या नसतात," बोटवाला म्हणाला. त्याला हा विषय म्हणजे आयतं कुरण. "स्कॉटलंडच्या बाजूला बेटं आहेत, तिथली ही व्हिस्की. तिथे झाडंझुडं कमी, दलदल फार. त्या दलदलीतली माती कापायची; माती म्हणजे काय, हजारो वर्षांचं कुजलेलं गवत, मुळं, शेवाळ. तिच्या विटा वाळवायच्या आणि जाळायच्या. पीट म्हणतात तिला. त्या धुरावर ओलं धान्य सुकवतात. धूर एकदा दाण्यात शिरला की शिरला. मग उकळा, गाळा, पिंपात घालून वर्षानुवर्षं कोंडून ठेवा, तो काही जात नाही."

"तुम्ही घ्या थोडी, वहिनी," चष्मेवाला म्हणाला. "नको असेल तर नुसता वास घ्या. आमच्यातही पहिला ग्लास वासाचाच असायचा. प्यायचं नाही, बोलायचं नाही. मग मी एकेकाला विचारायचो, कुठे आहेस? आणि ज्याने-त्याने सांगायचं, वास त्याला कुठे घेऊन गेला ते. दुसऱ्याने त्याला चूक म्हणायचं नाही, एवढाच नियम."

तिने फळीवरून आलेला त्याचा ग्लास घेतला. तळाला बोटभर, फिकट पिवळी, एवढा धूर पोटात असेल असं वाटूच नये. तोंड जरा उघडं ठेवून हुंगा, म्हणजे झोंबत नाही, असं बोटवाल्याने सांगितलं. धूर वर-वर राहिला आणि त्याच्या खालून आयोडीन आलं, आणि त्याच्याही खालून काहीतरी गोडसर, कोमट, वाफेचा डबा उघडल्यावर तोंडावर येते तसली ऊब... सकाळची पहिली पाळी, खिडकीशी मांडलेले ट्रे, बाकड्यावर ओळीने बसलेली माणसं, आणि दाराशी...

"मी बंदरावर," बोटवाला म्हणाला. "दोरखंडांना डांबर लावतायत. पाऊस पडून गेलाय."

"मी माझ्या बापाच्या जुन्या दुकानात. शॉर्ट सर्किटने ते जळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही, वहिनी? कुठे आहात?"

"कामावर," ती म्हणाली. "ड्रेसिंग रूममध्ये."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चष्मेवाल्याने ग्लास खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, जो मुळात स्वच्छच होता. "तोही तिथेच असायचा," तो म्हणाला.

"कोण?"

"कोण काय, वहिनी. दर शनिवारी. कुठे आहेस म्हटलं की ठरलेलं, तिच्या ड्रेसिंग रूमच्या दाराशी. आमचं आपलं बदलायचं, ह्याचं कधी नाही."

"मी एकदा चिडवलं त्याला," बोटवाला म्हणाला, नेहमीच्या मोठ्या आवाजात, आणि मग तो आवाज त्याने स्वतःच उतरवला. "म्हटलं, लेका, हाच वास घरी फुकट मिळतो, मी सातासमुद्रापलीकडून वाहून कशाला आणू? तर म्हणाला, घरी कुठे मिळतो? ती आल्या-आल्या न्हाणीघरात जाते. दिवसभर त्याच्यात असते, तिला नकोसा होत असेल बिचारीला. मी तिला काय म्हणू?"

तिने एक घोट घेतला, कारण काहीतरी करायला हवं होतं. जिभेला चटका, मग मीठ, मग धुराने तोंड भरलं आणि ते पोटात गेल्यावरही घशात राखेसारखं काही रेंगाळत राहिलं. डोळ्यांत पाणी आलं. "होतं असं पहिल्यांदा," बोटवाला म्हणाला आणि त्याने चमच्याने दोन थेंब पाणी तिच्या ग्लासात सोडलं. "आता बघा, मोकळी होईल." मोकळी झाली. धूर बाजूला सरला आणि ते गोडसर, कोमट पुढे आलं. ती ग्लास दोन्ही हातांत धरून बसली. तो गमतीनेही म्हणाला असेल. मित्रांत माणूस काहीही बोलतो, एक काहीतरी धरून ठेवतो, हशा होतो म्हणून दर वेळी तेच सांगतो. नाहीतर सव्वीस वर्षांत घरी एकदा तरी...

"आणि रविवारचं सांग," बोटवाला म्हणाला.

"रविवारचं काय! हिची खरी मजा दुसऱ्या दिवशी. ग्लास धुवायचा नाही. सकाळपर्यंत दारू उडून जाते आणि नुसता वास राहतो तळाला. हा रविवारी सकाळी हजर. म्हणे चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. दर रविवारी कुणाचा स्क्रू ढिला होतो? मी आपला पेचकस फिरवल्यासारखं करायचो आणि हा मागच्या खोलीत जाऊन ग्लासात नाक घालून उभा."

तो स्क्रू तिला माहीत होता. रविवारी सकाळी तिची ड्यूटी असायची, निघताना ती म्हणायची, "अहो, एकदा नवी फ्रेम का घेत नाही?" आणि तो म्हणायचा, बघू.

अंधारायच्या आधीच दोघे उठले. बाटली न्या म्हणून तिने सकाळपासून ठरवून ठेवलेलं वाक्य तोंडातून निघालं नाही. चष्मेवाला चपला घालता घालता म्हणाला, "पुढच्या शनिवारी या ना दुकानात. खुर्ची आहे," आणि आपण फार बोललो असं वाटून घाईने जिना उतरला.

ती परत आत आली. खोलीत वास होता. त्यांचे दोन ग्लास ती मोरीत घेऊन गेली, नुसते विसळले, पालथे घातले. तिसरा नळाखाली धरला आणि नळ सोडला नाही. तसाच घेऊन झोपायच्या खोलीत आली, त्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली. मनगट हुंगलं, कोपराचा खळगा हुंगला, वेणी पुढे घेऊन हुंगली. साबण, साबण, साबण. तुम्हाला जे हवं होतं तेच मी रोज घासून, खळखळून मोरीत सोडत होते हो... आणि तुम्ही बाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होता. "सांगायला काय झालं होतं?" ती मोठ्याने म्हणाली. राग आला होता तिला, चांगला सणसणीत, तो गेल्यापासून पहिल्यांदा. आणि रागाच्या मागोमाग उत्तरही आलं, त्याच्याच सावकाश आवाजात: तुला विचारायला काय झालं होतं? ती आपण रडतोय हे न कळता रडत होती, आणि मध्येच त्या दोघांचं बाटलीत डोकावणं आठवून हसतही होती.

मनगट धरलं होतं त्याने. अंगात जीव नव्हता तरी पकड होती. ओढत होता तो हात, तोंडाकडे... नाकाकडे. जसा होता तसा. आणि मी म्हटलं, थांबा.

किंवा पाणीही हवं असेल. ते आता कळायचं नाही, कितीही उगाळलं तरी. पण इतके दिवस ती उगाळत होती ते एकाच बाजूने, आणि आज त्याला दुसरी बाजू आली होती. ती आधीच्यापेक्षा बरी होती का वाईट, तिला सांगता आलं नसतं. आधी फक्त आपण नको होतो, एवढंच दुःख होतं. आता हवे होतो, हेही सोसायचं होतं.

डोळे पुसायला हात वर नेला आणि तो मध्येच थांबला. गॉज पिळलं होतं त्याच बोटांनी. धूर, आयोडीन, करपलेलं काहीतरी... ग्लास विसळले, पण साबणाने हात धुवायचे गडबडीत राहून गेले होते. खिडकीतल्या उरलेल्या उजेडात नखाच्या कडेचा डाग दिसत होता. न्हाणीघराचं दार उघडं होतं, चार पावलांवर. ती उठली नाही. आडवी झाली, आपल्या बाजूला, कुशीवर, आणि हात लांब करून त्याच्या उशीवर ठेवला, जसा होता तसा.